पिकअप गाडीच्या पुढील चाकांस हवेचे शॉकअप : कार्य व मर्यादा

चामोर्शी तालुका हा धानाचा तालुका होय. दिवाळीच्या सुमारास हलके धान निघते, त्यामागून मध्यम व भारी धानाची कापणी होते, पुंजणी लागतात, मळणी होते, आणि मग हे सर्व धान खरेदी केंद्राकडे, राईस मिलकडे अथवा बाजाराकडे नेण्याची एकच घाई उडते. पूर्वी हे काम बंडी करीत असे. आज ते बहुतांशी पिकअप गाडी करते. घोट, भेंडाळा, कुनघाडा, येनापूर या बाजूंच्या गावांतून कोणी स्वतःची, कोणी गटाची, तर कोणी भाड्याची पिकअप बोलावून एका खेपेत वीस-पंचवीस पोती हलवितो. हीच गाडी पुढे भाजी व मासे नेते आणि खताच्या गोण्या घेऊन परतते.

गाडी तीच असली तरी वाट मात्र दर कोसाला बदलते. शेताकडील पांदण, गावाचा खडीचा रस्ता, नाल्यावरील खचलेली मोरी, आणि त्यानंतर मुख्य मार्ग. हा मुख्य मार्गही गेल्या काही वर्षांत, विशेषतः एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाची जड वाहतूक २०२१ नंतर वाढल्यापासून, अनेक ठिकाणी खड्ड्यांनी भरलेला आढळत आला आहे. अशा वाटेवर वर्ष-दोन वर्षे चाललेली पिकअप पुढून आपटू लागते. चालकाच्या कमरेस दणका बसतो, स्टिअरिंग हातात थरथरते, मालाची नासाडी होते. मग कोणीतरी सुचवितो की, पुढच्या चाकांस हवेचे शॉकअप बसवावे, म्हणजे गाडी उचलून धरली जाईल व दणका लागणार नाही.

हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु ज्या गाड्यांना तो दिला जातो त्यांपैकी पुष्कळांचा आजार वेगळाच असतो, आणि चुकीच्या आजारावर हे औषध दिल्यास गाडी पूर्वीपेक्षा अधिक धोक्याची होते. म्हणून हे साधन काय करते व काय करीत नाही हे नीट समजून घेतले पाहिजे.

भार कोण पेलतो आणि झोका कोण थांबवितो

गाडीच्या चासीखाली दोन निरनिराळी कामे करणारी दोन निरनिराळी साधने असतात. लोक सरसकट दोहोंसही ‘सस्पेन्शन’ म्हणतात व तेथूनच घोटाळा सुरू होतो.

पहिले साधन म्हणजे स्प्रिंग. मालवाहू गाडीत ती बहुधा एकावर एक बसविलेल्या पोलादी पाट्यांची असते. काही गाड्यांच्या पुढील बाजूस गुंडाळीची स्प्रिंग किंवा पीळ सोसणारी पोलादी कांब असते. आपल्या गाडीस कोणता प्रकार आहे हे खाली वाकून पाहिल्यास कळते. गाडीचे व मालाचे वजन पेलणे हे काम स्प्रिंगचे. वजन टाकले की ती दबते व वजन काढले की पूर्ववत होते. मात्र एकदा दबलेली स्प्रिंग सुटली म्हणजे ती एकदाच वर येऊन स्वस्थ बसत नाही. झोपाळ्याप्रमाणे वर-खाली होत राहते.

हे झोके थांबविणारे दुसरे साधन म्हणजे शॉकअप. ही तेलाने भरलेली नळी असून तिच्यात बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. चाक वर-खाली झाले म्हणजे दट्ट्या तेलातून सरकतो, तेलास लहान छिद्रांतून जोराने जावे लागते, आणि त्या घर्षणात झोक्याची शक्ती खर्ची पडून तिची उष्णता बनते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपची नळी हातास गरम लागते, त्याचे कारण हेच. साधा शॉकअप वजन पेलीत नाही. तो पार काढून टाकला तरी गाडी उंचीने जवळपास तितकीच उभी राहील. फक्त चालू लागली की उसळत राहील.

बाजारात ‘गॅसचे शॉकअप’ म्हणून जे मिळतात ते याच जातीचे होत. त्यांत थोडा नायट्रोजन वायू भरलेला असतो, तो तेलास फेस येऊ नये म्हणून. फेसाळलेले तेल दट्ट्यास पुरेसा विरोध करीत नाही व लांबच्या खडबडीत प्रवासात शॉकअप निकामी झाल्यासारखा वाटतो. नायट्रोजनाच्या दाबाने हा दोष कमी होतो. पण म्हणून गॅसचा शॉकअप गाडीचा भार उचलून धरतो असे नव्हे. दुकानात गॅसचा व हवेचा हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, तेव्हा ग्राहकाने विचारून घेणे बरे.

हवेचा शॉकअप कसा चालतो

हवेच्या शॉकअपमध्ये तेलाची नळी तशीच असते. परंतु तिच्याभोवती जाड रबराची बाही बसविलेली असते. बाहीचे एक टोक वरच्या भागास व दुसरे खालच्या भागास घट्ट आवळलेले असते. टायरच्या वॉल्वसारख्या वॉल्वमधून तीत हवा भरली म्हणजे ती शॉकअपची दोन टोके एकमेकांपासून दूर ढकलते. म्हणजे हा शॉकअप झोके तर थांबवितोच, शिवाय स्प्रिंगच्या जोडीने थोडे वजनही पेलतो.

किती वजन, हे साध्या गुणाकाराने काढता येते. गॅरेजमध्ये हवेचा दाब पौंडांत सांगतात. त्याचा अर्थ दर चौरस इंचावर इतके पौंड, असा. बाहीचे परिणामकारक क्षेत्रफळ ४ चौरस इंच आहे व तीत ६० पौंड हवा आहे असे धरू. तर तिची ढकल २४० पौंड, म्हणजे सुमारे १०९ किलो झाली. दोन्ही बाजूंची मिळून सव्वादोनशे किलोच्या आत-बाहेर. हवा वाढविली तर ढकल वाढते, काढली तर कमी होते. वजन बदलेल तशी स्प्रिंगची ताकद बदलता येणे, हा या साधनाचा खरा गुण होय. पोलादी पाटा एकदा चढविला की तो रिकाम्या गाडीतही तितकाच ताठ राहतो. हवा मात्र सोडून देता येते.

हवेचा आणखी एक स्वभाव आहे. रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, तापमान तेच असता कोंडलेल्या हवेची जागा निम्मी केली तर तिचा एकूण दाब दुप्पट होतो. म्हणून हवेचा आधार जसजसा दबतो तसतसा अधिकाधिक कडक होत जातो. लहान खड्ड्यांवर तो मऊ वाटतो व मोठ्या खड्ड्यात चासी आणि एक्सेल एकमेकांवर आपटण्यापूर्वी जोराने विरोध करतो. हा गुण मालवाहतुकीस उपयोगी आहे. मात्र उष्णतेनेही दाब वाढतो हे विसरू नये. डिसेंबरच्या पहाटे १० अंश तापमानात भरलेली ६० पौंड हवा मे महिन्याच्या ४५ अंशांच्या दुपारी, दुसरा काही फरक न होता, सुमारे ६९ पौंड होते. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा फरक मोजून पाहण्यास वेगळे सांगावे लागणार नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रवासी बसगाड्यांना १९५३ पासून हवेच्या स्प्रिंगा बसू लागल्या व त्या तेथे स्थिरावल्या. १९५७ साली त्याच कारखान्याच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम या अत्यंत महाग मोटारीसही त्या दिल्या गेल्या. पण जोडांतून हवा गळू लागल्याने अनेक मालकांनी त्या काढून पुन्हा पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. बसगाडीस रोज तपासणारा कामगार होता, मोटारीस नव्हता. खेड्यातील पिकअपच्या मालकाने यातील कोणत्या वर्गात आपण मोडतो हे स्वतःशी ठरवावे.

पुढून गाडी का आपटते

बंडी हाकलेल्या माणसास हा भाग समजावून देण्याची फारशी गरज नाही. बंडीत माल मागे जास्त झाला की ती उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. माल पुढे जास्त झाला की सर्व ओझे बैलांच्या खांद्यावर येते. म्हणून जुना गाडीवान पोती रचताना जू हाताने उचलून पाही. पिकअपमध्ये बैलांच्या जागी पुढची चाके आहेत, एवढाच फरक. मात्र त्यांचे ओझे हाताने उचलून पाहता येत नाही, आणि म्हणून माल कसाही रचला जातो.

हिशेब असा. पुढील व मागील चाकांतील अंतर ३०० सेंटिमीटर आहे व ४० किलोची २५ पोती, म्हणजे १,००० किलो माल, हौद्यात आहे असे धरू. या मालाचा मध्य मागील एक्सेलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल तर त्यातील १०० किलो भार पुढील चाकांवर व ९०० किलो मागील चाकांवर पडतो. म्हणजे पूर्ण मालाचा केवळ दहावा हिस्सा पुढे येतो. आता आणखी पाच पोती फळीशी, मागील एक्सेलच्या ९० सेंटिमीटर मागे चढविली, तर त्या २०० किलोंमुळे पुढच्या चाकांवरील भार वाढत नाही, उलट ६० किलोंनी कमी होतो; आणि मागील चाकांवर २०० नव्हे, तर २६० किलो जास्त पडतात.

यावरून दिसून येईल की, धान भरलेल्या पिकअपच्या पुढील स्प्रिंगांवर मालाचे ओझे फार येतच नाही. मागील पाटे दबून सरळ होतात, गाडीचे नाक वर उठते, मागचे चाक खड्ड्यात गेले की सबंध गाडी फळीवरील झोक्याप्रमाणे डोलते व वर गेलेले नाक खाली येऊन दणका देते. चालक पुढे बसलेला असल्यामुळे त्यास दणका पुढचा वाटतो. त्याचे मूळ मात्र हौद्याच्या फळीपाशी असते. अशा गाडीस पुढे हवेचे शॉकअप बसवून हवा भरली तर आधीच वर उठलेले नाक आणखी वर उठेल, आणि ब्रेक लावताना तसेच वळण घेताना गाडी पूर्वीपेक्षा कमी विश्वासाची होईल. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत दिव्याचा झोत जाईल, तो त्रास निराळाच.

या दुखण्याचा इलाज फुकट आहे. पोती केबिनच्या भिंतीपासून रचीत यावे, जड माल तळाशी व पुढे ठेवावा, फळीजवळ हलका माल ठेवावा, आणि नोंदणी पुस्तकात दिलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून जे उरते त्यापेक्षा अधिक भरू नये. त्या उरलेल्या वजनात चालक व हमाल यांचेही वजन धरावे लागते, हे सहसा कोणी धरीत नाही.

आधी काय तपासावे

माल नीट रचूनही गाडी पुढून उसळत असेल तर मग खाली पाहावे. पहिली पाहणी टायरांची. गाडीवरील पहिली हवेची स्प्रिंग म्हणजे टायरच होय. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेचे टायर बसविले ते दणके कमी व्हावेत म्हणूनच. मालाची खेप सुरू होताना टायरांत कमाल हवा भरून तीच हवा रिकाम्या परतीच्या प्रवासातही ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. पुढील चाकांवर भार फार वाढत नसल्याने पुढच्या टायरांत मागच्याइतकी हवा भरण्याचे बहुधा कारण नसते. गाडीच्या दारावर किंवा पुस्तिकेत पुढील व मागील टायरांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, तेच पाळावेत.

त्यानंतर शॉकअप. नळीवर तेलाचा ओला थर व त्यावर धूळ चिकटून चिखलासारखे झालेले दिसले तर तो शॉकअप संपला असे समजावे. टायरवर ठिकठिकाणी बोटाने चाचपता येतील असे खळगे पडले असतील तर तेही त्याचेच चिन्ह आहे, कारण चाक रस्त्यास धरून न चालता उड्या मारीत चालले आहे. गाडीचा कोपरा दाबून सोडावयाचा व ती किती वेळा हलते ते पाहावयाचे, ही परीक्षा लहान मोटारीस ठीक आहे. ताठ पाट्यांच्या मालवाहू गाडीवर माणसाच्या जोराने पाटे फारसे दबतच नाहीत, सबब तिच्यावर विसंबू नये. पाट्यांपैकी एखादा तुटला आहे काय, मधला बोल्ट शाबूत आहे काय, यू-बोल्ट सैल झाले आहेत काय, दोन्ही टोकांचे बुश झिजून लोखंडावर लोखंड घासते आहे काय, हे मिस्त्रीकडून पहारीने हलवून पाहून घ्यावे. एक्सेल व चासी यांच्यामधील रबरी ठोकळा पावसाळ्यानंतर अनेक गाड्यांत गळून पडलेला असतो. तो नसल्यावर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात जो ‘ठक्क’ आवाज होतो, तो ऐकून हवेच्या शॉकअपसाठी पैसे खर्चणारे लोक आहेत. ठोकळ्याची किंमत त्या मानाने काहीच नसते.

आणि एक गोष्ट पुढच्या लोखंडी गार्डची. जंगलातील रस्त्यावर रानडुक्कर अथवा गुरे आडवी येतात म्हणून जाड पाइपांचे गार्ड पुढे लावून घेण्याची हौस या भागात आहे. हे वजन पुढील चाकांच्याही पुढे लोंबत असल्याने ते आपल्या वजनाहून अधिक भार पुढच्या स्प्रिंगांवर टाकते. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड कायद्याविरुद्ध असल्याचे राज्यांस कळविले आहे. गार्डमुळे दबलेली गाडी हवेने उचलण्यापेक्षा गार्ड उतरविणे हे शहाणपणाचे व स्वस्त काम होय. केबिनच्या डोक्यावर जाळी बसवून तीवर माल लादणे हेही त्यातलेच. तेथे तर वजन उंचावर जाते व वळणावर गाडी कलंडण्याचे भय वाढते.

खरी गरज कोणास

असे असले तरी काही गाड्यांस या साधनाचा उपयोग निश्चित आहे. एखाद्या गटाने पिकअपच्या हौद्यात केबिनच्या भिंतीलगत पाण्याची टाकी बसविली आहे, उन्हाळ्यात रोपवाटिकेस पाणी व इतर वेळी फवारणीचे द्रावण तीतून नेले जाते, असे समजू. टाकीत ५०० लिटर पाणी, म्हणजे ५०० किलो वजन, मागील एक्सेलच्या १८० सेंटिमीटर पुढे आहे. वरील हिशेबानेच त्यातील ३०० किलो पुढील चाकांवर येतात. जाताना टाकी भरलेली व येताना रिकामी. येथे पुढे कायमचा जादा पाटा चढविला तर रिकाम्या परतीत गाडी दगडासारखी आपटेल. हवेचा आधार असेल तर भरताना हवा भरावी व रिकामी झाल्यावर ती कमी करावी, एवढेच करावे लागते. केबिनमागे जनरेटर किंवा वेल्डिंगचे यंत्र वाहून नेणाऱ्या गाडीसही हेच लागू आहे. मात्र दोन्ही ठिकाणी एकूण वजन व पुढील एक्सेलवरील वजन परवानगीच्या आतच असले पाहिजे. हवा गाडीची उंची सावरते. एक्सेल, बेअरिंग, ब्रेक, टायर व चासी यांची ताकद त्यामुळे कणभरही वाढत नाही. जादा माल भरून गाडी दबू नये म्हणून हवा भरणे म्हणजे काट्यास हात लावून तो खोटा करण्यासारखे आहे. गाडी दबलेली दिसली असती तर निदान कोणी सावध झाला असता.

बसविताना व वापरताना

सर्वात महत्त्वाची बाब शॉकअप ज्या कडीस वा खुंटीस अडकतो तिची आहे. ही कडी साध्या शॉकअपचा मधूनमधून येणारा हिसका सोसण्यापुरती बनविलेली असते. हवेचा शॉकअप तिच्यावर रात्रंदिवस, गाडी उभी असतानाही, शंभर किलोंची ढकल ठेवतो व खड्ड्यात ती कित्येक पटींनी वाढते. कडीच्या वेल्डिंगपाशी केसासारखी चीर जाते, ती वाढत जाऊन एके दिवशी कडी तुटते. आणि पुढच्या बाजूस कडी तुटली म्हणजे सुटलेला शॉकअप ब्रेकच्या नळीवर, टायरवर किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर येऊ शकतो. म्हणून आपल्याच गाडीच्या नमुन्यासाठी बनविलेला जोड नसेल तर दुसऱ्या गाडीचा कापून-जोडून बसवू नये. ज्या गाडीस पुढे गुंडाळीची स्प्रिंग आहे तिच्यात स्प्रिंगच्या पोटात हवेची पिशवी बसविण्याची सोय असते. पाट्यांच्या गाडीत चासी व एक्सेल यांच्यामध्ये पिशवी बसविता येते. या दोन्ही रचनांत भार शॉकअपच्या कडीवर न जाता जड भार सोसण्याजोग्या भागांवर जातो. जेथे जागा असेल तेथे या रचना अधिक भरवशाच्या समजाव्यात.

बाही फुगल्यावर साध्या नळीपेक्षा बरीच जाड होते. चाक पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून, तसेच जॅकने गाडी उचलून चाक लोंबते ठेवून, दोन्ही स्थितींत बाही टायरला, ब्रेकच्या नळीला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला लागत नाही ना हे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे.

डाव्या व उजव्या शॉकअपच्या हवेच्या नळ्या एकत्र जोडून एकच वॉल्व ठेवण्याची पद्धत सोयीची वाटते. परंतु वळणावर बाहेरच्या बाजूवर भार आला की तिकडील हवा नळीतून आतल्या बाजूस पळते, म्हणजे जिकडे आधार हवा तिकडचाच आधार निघून जातो व गाडी अधिक कलते. शिवाय एक बाही फाटली तर दोन्ही बसतात. दोन वॉल्व वेगळे ठेवावेत आणि दोन्हींत हवा सारखी भरावी.

हवेची जागा फार लहान असल्याने गॅरेजचा मोठा कॉम्प्रेसर लावला तर क्षणात दाब मर्यादेबाहेर जातो. पायाचा किंवा हाताचा पंप या कामास उत्तम. दाब मोजण्याचे यंत्र लावतानाच दोन-चार पौंड हवा निसटते, हेही ध्यानात ठेवून मोजावे. नाहीतर रोज मोजणारा मनुष्य रोज हवा कमी करीत राहतो. बनविणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये, तशीच किमान मर्यादाही पाळावी. बाही पूर्ण रिकामी ठेवून गाडी चालविली तर रबराची घडी मुडपून घासली जाते व तेथेच ती फाटते. धानाच्या कुसळांची धूळ व पांदणीतील चिखल घडीत साचतो. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावे, डिझेल वा ग्रीस रबरास लावू नये. साबणाच्या पाण्याचा फेस जोडांवर लावला असता बुडबुडे आले तर हवा गळते असे समजावे.

पुढील उंची बदलली की चाकांची ठेवणही बदलते, विशेषतः जेथे दोन्ही पुढची चाके स्वतंत्र टांगलेली आहेत तेथे. बसविल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट व दिव्यांचा झोत पुन्हा जुळवून घ्यावा. काही जण हाच प्रयोग मागील चाकांवर करतात, त्यांस एक सूचना आवश्यक आहे. अनेक मालवाहू गाड्यांत मागील एक्सेलपाशी एक दांडा व झडप असते. हौदा किती दबला आहे यावरून ती मागील ब्रेकला किती जोर द्यावयाचा हे ठरविते. हवेने हौदा उचलून धरला की भरलेली गाडी झडपेला रिकामी वाटते व मागचा ब्रेक कमी लागतो. भरल्या गाडीने नाल्याच्या उतारावर हे लक्षात यावे अशी वेळ कोणावर येऊ नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी पुस्तकातील तपशील कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. झिजलेला शॉकअप काढून त्याच जातीचा नवा बसविणे ही दुरुस्ती झाली. हवेचा आधार नव्याने जोडावयाचा असल्यास गडचिरोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विचारणा करून उपयोग नसतो. जादा भाराबद्दल २०१९ मध्ये सुधारलेल्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वाहनावर पडतो. तेंदूपानाच्या हंगामात व लग्नसराईत हौद्यात माणसे बसवून नेण्याची जी रीत आहे, तिलाही हवेचे शॉकअप कोणतीच सूट देत नाहीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या गाडीसाठी असा खर्च मंजुरीस आला असता प्रथम गाडी भरलेल्या स्थितीत धर्मकाट्यावर न्यावी. पुढील चाके काट्यावर व मागील बाहेर ठेवून एक वजन घ्यावे, नंतर सबंध गाडीचे घ्यावे. दोहोंतील फरक म्हणजे मागील चाकांवरील भार. हेच दोन आकडे रिकाम्या गाडीचेही घ्यावेत. माल भरल्यावर पुढील आकडा थोडासाच वाढला, किंवा उलट कमी झाला, तर हवेच्या शॉकअपचा प्रस्ताव बाजूस ठेवून हमालांस बोलवावे आणि पोती पुन्हा रचून काटा करावा. पुढील आकडा खरोखरच वाढलेला आणि तरीही एक्सेलच्या मर्यादेत असेल तर टायर, बुश, रबरी ठोकळे व साधे शॉकअप यांची दुरुस्ती करून गाडी एक आठवडा त्याच पांदणीवरून चालवावी, आणि ती निम्म्या वेगाने चालवून पाहावी. वेग निम्मा केला असता त्याच खड्ड्यात चाकास वर उडविणारी शक्ती सुमारे चौथाईवर येते. एवढे करूनही चालकाची तक्रार उरली तर त्या गाडीस हवेचा आधार द्यावयास हरकत नाही. हातपंप व दाब मोजण्याचे यंत्र ही दोन्ही त्याच खरेदीत घ्यावीत व ती केबिनमध्येच ठेवावीत.